लिनक्स शंका-समाधान : रॅम आहे, पण गेली कुठे?

या महिन्याच्या टपालात मेमरीची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेक पत्रांचा शेवट ‘नवीन रॅम घेऊ का?’ असा आहे आणि बहुतेकांना आमचं उत्तर ‘थांबा’ असंच आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत; टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाइप करायची.

प्रश्न : दुकानाच्या हिशेबाच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम आहे. ‘फ्री -एच’ केलं की ‘फ्री’च्या रकान्यात जेमतेम ६०० एमबी दिसतात, ‘अव्हेलेबल’मध्ये मात्र ११ जीबी. ओळखीच्या एकाने दर तासाला कॅशे रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकून दिली. आता आकडा छान दिसतो, पण तासातासाला मशीन अडखळतं. रॅम वाढवू का? (इचलकरंजी)

उत्तर : वाढवू नका, ती ओळ काढा. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल म्हणून लिनक्स ती रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो. ‘बफ/कॅशे’ म्हणजे मुख्यतः तेच. कुणा प्रोग्रॅमला जागा लागली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हा हिस्सा लगेच सोडतो. ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ लिहिणारी ती ओळ दर तासाला हा साठा फेकून देते, आणि मग तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचत बसतो. ‘सुडो क्रॉनटॅब -ई’मध्ये पाहा, तिथे नसेल तर /ईटीसी/क्रॉन.डी आणि /ईटीसी/क्रॉन.आवरली या फोल्डरांत शोधा.

‘फ्री’कडे दुर्लक्ष करा, ‘अव्हेलेबल’ बघा. स्वॅपला (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) हात न लावता नव्या प्रोग्रॅमला किती जागा देता येईल, याचा हा कर्नलने स्वतः काढलेला अंदाज असतो, कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून तो मिळतो. तुमच्याकडे तो ११ जीबी आहे. तो सतत एकूण रॅमच्या दहाव्या भागाखाली राहू लागला, तर रॅमचा विचार करा.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर ८ जीबी लिहिलंय, प्रोसेसर रायझन आहे. लिनक्समध्ये एकूण ५.७ जीबीच दिसते. दुकानदार म्हणतो, लिनक्सला सगळी रॅम ओळखता येत नाही. (नाशिक)

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं चूक आहे. आधी बसवलेली रॅम मोजा: ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’. प्रत्येक खाचेत किती जीबीची पट्टी आहे ते कळेल. इथे ८ जीबी दिसली, तर रॅम शाबूत आहे आणि कुणीतरी त्यातला वाटा आधीच काढून घेतलाय.

हा ‘कुणीतरी’ म्हणजे प्रोसेसरमधलाच ग्राफिक्स भाग. त्याला स्वतःची मेमरी नसते, म्हणून मशीन सुरू होतानाच बायॉस मुख्य रॅममधला तुकडा त्याच्या नावे करून देतं आणि कर्नलला तो दिसतच नाही. ‘सुडो डीमेसेज’च्या मजकुरात ‘एएमडीजीपीयू’ शोधा; ‘२०४८एम ऑफ व्हीरॅम मेमरी रेडी’ अशी ओळ सापडेल. ८ मधून २ गेले, थोडं फर्मवेअर आणि कर्नलने राखून ठेवलं, उरले ५.७. हिशेब जुळला.

बायॉसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ किंवा तशाच नावाची सेटिंग असते. ती ५१२ एमबीवर आणा. ग्राफिक्स अडेल ही भीती नको; जास्त लागली तर ड्रायव्हर चालू मशीनमध्येच साध्या रॅममधून मेमरी उसनी घेतो आणि काम झालं की परत करतो. बायॉसने कापलेला २ जीबीचा तुकडा मात्र वापरात नसला तरी परत मिळत नाही. काही लॅपटॉपांत ही सेटिंग कंपनीने लपवलेली असते. तिथे बायॉसची नवी आवृत्ती टाकून पाहणं, एवढंच हातात राहतं.

‘डीएमआयडीकोड’मध्येच रॅम कमी दिसली तर गोष्ट वेगळी. मग पट्टी नीट बसलेली नाही किंवा खाच खराब आहे. आणि ग्राफिक्सचा वाटाही छोटाच असेल, तर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ करून ‘मेम=’ असं काही दिसतं का पाहा. चाचणीसाठी कुणी घातलेली ही मर्यादा तशीच राहून गेल्याचं पुष्कळदा आढळतं.

प्रश्न : जुना डेस्कटॉप घेतला, त्यावरचं उबंटू तसंच ठेवलं. ८ जीबी रॅम आहे. काहीही न उघडता ३.४ जीबी ‘यूज्ड’ दिसते, पण सगळ्या प्रोसेसची बेरीज जेमतेम ९०० एमबी भरते. व्हायरस असेल का? (सांगली)

उत्तर : बेरजेत न सापडणारी मेमरी म्हणजे प्रोसेसच्या नावावर नसलेली मेमरी. तुम्ही /प्रॉक/मेमइन्फो या फाइलीचा पूर्ण मजकूर पत्रासोबत पाठवलात ते बरं केलंत. उत्तर त्यातच आहे. ‘ह्यूजपेजेस_टोटल’पुढे १२८०, ‘ह्यूजपेजेस_फ्री’पुढेही १२८० आणि ‘ह्यूजपेजसाइझ’ २०४८ केबी. १२८० गुणिले २ एमबी म्हणजे २.५ जीबी. ३.४ मधून हे वजा केले की तुमचे ९०० एमबी उरतात.

मेमरी साधारणपणे ४ केबीच्या पानांत वाटली जाते. डेटाबेससारख्या मोठ्या प्रोग्रॅमांना २ एमबीची मोठी पानं सोयीची पडतात, म्हणून ती आगाऊ राखून ठेवायची सोय आहे. एकदा राखली की ती दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत आणि स्वॅपमध्येही जात नाहीत. तुमची सगळीच्या सगळी १२८० पानं रिकामी पडली आहेत, म्हणजे ज्याच्यासाठी राखली तो प्रोग्रॅम आता मशीनवर चालू नाही. हा आकडाही बोलका आहे: सीपीयूवर क्रिप्टो मायनिंग करणाऱ्या एका लोकप्रिय प्रोग्रॅमच्या सूचनांत नेमका हाच दिलेला असतो. असं मायनिंग प्रोसेसरला सतत तापवतं, तेव्हा पंखा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही एकदा बघून घ्या.

आत्ताच्या आत्ता सोडवायला:

सुडो सिसकटीएल -डब्ल्यू व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस=०

पुन्हा ‘फ्री -एच’ करा, २.५ जीबी परत आलेले दिसतील. पण मशीन पुन्हा सुरू केलं की ते पुन्हा जातील, कारण सेटिंग कुठेतरी लिहून ठेवलेली आहे. ती शोधा:

सुडो ग्रेप -आर एनआर_ह्यूजपेजेस /ईटीसी

बहुधा /ईटीसी/सिसकटीएल.कॉन्फ किंवा /ईटीसी/सिसकटीएल.डी मधल्या एखाद्या फाइलीत सापडेल. ती ओळ पुसा. तिथे नसेल तर /प्रॉक/सीएमडीलाइनमध्ये ‘ह्यूजपेजेस=’ आहे का पाहा. असेल तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीतून तेवढाच शब्द काढून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ‘अ‍ॅनॉनह्यूजपेजेस’ या ओळीला मात्र हात लावू नका. ती कर्नल आपणहून वापरतो ती मोठी पानं दाखवते, आणि ती प्रोसेसच्या बेरजेत धरलेली असतात.

प्रश्न : सर्व्हरवर ८ जीबी, स्वॅप नाही. ‘अव्हेलेबल’ ४ जीबीच्या वर असतानाही ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’ म्हणून प्रोग्रॅम सुरू होत नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी सुचवलेली ‘व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी=२’ ही सेटिंग केली आहे. (बेंगळुरू)

उत्तर : तीच आडवी आली. २ म्हणजे प्रोग्रॅम मेमरी मागतील तेव्हा ‘जेवढं देता येईल तेवढंच कबूल करा’. ती मर्यादा अशी ठरते: रॅमचे ५० टक्के अधिक स्वॅप. तुमचा स्वॅप शून्य, म्हणजे कर्नल सुमारे ३.८ जीबीच्या पुढे कुणाला शब्दच देत नाही, मग प्रत्यक्षात रॅम मोकळी का असेना. मेमइन्फोमधला ‘कमिटेड_एएस’ हा आकडा ‘कमिटलिमिट’ला जाऊन टेकलेला दिसेल.

डेटाबेसच्या सर्व्हरवर २ ठेवणं शहाणपणाचं आहे, पण स्वॅपशिवाय नाही. ४ जीबी स्वॅप द्या आणि ‘व्हीएम.ओव्हरकमिट_रेशो=८०’ करा; मर्यादा १० जीबीच्या आसपास जाईल. मोठी पानं राखली असतील तर टक्केवारी काढण्याआधी ती रॅममधून वजा होतात, हे धरून चाला. त्याच मशीनवर रेडिस हा दुसरा डेटाबेसही असेल तर त्याची मागणी बरोबर उलटी, म्हणजे १ ची (‘मागतील तेवढं कबूल करा’) असते. दोन्ही एकाच सर्व्हरवर ठेवायचे असतील तर मूळची ० (कर्नलच्या अंदाजावर सोडणारी) हीच सेटिंग बरी.

प्रश्न : उबंटू २२.०४, ८ जीबी रॅम. काम चालू असताना ब्राउझर सगळ्या टॅबांसकट अचानक नाहीसा होतो. कसलाही निरोप नाही. (हिंजवडी, पुणे)

उत्तर : मारणारे दोघे असू शकतात, आधी कोण ते ठरवा. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ असेल तर कर्नल. ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ओओएमडी’मध्ये ‘किल्ड’ने सुरू होणारी आणि ‘५०.००% फॉर > २०एस’ असा उल्लेख असलेली ओळ असेल तर ओओएमडी. उबंटूने २२.०४ पासून हा पहारेकरी डेस्कटॉपवर आपणहून चालू केला. मेमरीसाठी प्रोसेस खोळंबण्याचं प्रमाण २० सेकंदांहून अधिक काळ ५० टक्क्यांच्या वर राहिलं, की तो अख्खा गट एकदम बंद करतो. म्हणून एक टॅब न जाता पूर्ण ब्राउझर जातो.

पुष्कळजण ओओएमडी बंद करून मोकळे होतात. तसं केलंत तर कर्नलची पाळी येते, आणि कर्नल फार उशिरा जागा होतो. तोवर माउसही हलत नाही. खरी अडचण तुटपुंज्या स्वॅपची असते. स्वॅपची फाइल ८ जीबीची करा. ब्राउझर आधी बंद करा, कारण स्वॅपमधला मजकूर परत रॅममध्ये मावला पाहिजे, मग ओळीने:

सुडो स्वॅपऑफ /स्वॅपफाइल
सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=८१९२
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

‘ओएफ=’नंतर काय लिहिलंय ते एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा. तिथे चुकून डिस्कचं नाव पडलं तर डिस्क पुसली जाईल. ‘फॅलोकेट’ने हे काम क्षणात होतं खरं, पण काही फाइलसिस्टिमांवर पुढे ‘स्वॅपफाइल हॅज होल्स’ असा नकार मिळतो. डीडीची दोन मिनिटं परवडली. मशीन सुरू होताना काय जोडायचं याची यादी असलेल्या /ईटीसी/एफएसटॅबमध्ये स्वॅपची ओळ फाइलीच्या नावाने आहे, ती बदलायला नको. डिस्कवरची फाइलसिस्टिम बीटीआरएफएस असेल तर वरचं काही करू नका. त्यासाठी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम एमकेस्वॅपफाइल’ ही वेगळी कमांड आहे, साधनांच्या ६.१ आवृत्तीपासून.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात ४ जीबीची जुनी मशीनं आहेत, डेबियन १२, साध्या हार्ड डिस्क. दोन-तीन पानं उघडली की मशीन पाच-पाच मिनिटं गोठतं. काही मशीनांवर तर एकूण रॅम २.९ जीबीच दिसते. रॅमसाठी निधी नाही. (कुडाळ)

उत्तर : आधी ती २.९ वाली वेगळी काढा. ‘यूनेम -एम’ने ‘आय६८६’ सांगितलं तर तिथे ३२ बिटांचं लिनक्स आहे. ४ जीबीच्या पत्त्यांतला वरचा भाग ग्राफिक्स आणि इतर कार्डांसाठी जातो, म्हणून तेवढी रॅम झाकली जाते. ‘एलएससीपीयू’मध्ये ‘ऑप-मोड’समोर ६४-बिट असेल, आणि ही मशीनं गेल्या पंधरा वर्षांतली असतील तर ते असणारच, तर ६४ बिटांचं डेबियन नव्याने टाका. आवृत्ती १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नलच दिलेला नाही, तेव्हा हे काम पुढेमागे करावंच लागेल. तरीही रॅम तेवढीच दिसली तर बायॉसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ चालू करा.

गोठण्याचं कारण हार्ड डिस्कवरचा स्वॅप. रॅमच्या मानाने ती इतकी संथ, की कर्नल पानं ने-आण करण्यातच अडकून पडतो. यावर झेडरॅम हा बिनपैशाचा आणि खात्रीचा उपाय आहे: रॅममध्येच एक स्वॅप तयार होतो आणि त्यात जाणारा मजकूर दाबून, आकाराने लहान करून ठेवला जातो. ब्राउझरचा मजकूर सहसा अर्ध्या ते एक तृतीयांशावर येतो.

‘सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स’ करा. मग /ईटीसी/डीफॉल्ट/झेडरॅमस्वॅप ही फाइल उघडा, ‘एएलजीओ’ला झेडएसटीडी, ‘पर्सेंट’ला ७५ द्या आणि दोन्ही ओळींपुढचं # चिन्ह काढा. हे चिन्ह राहून गेलं की सेटिंग लागू होत नाही, आणि ते राहतंच. ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट झेडरॅमस्वॅप’ केल्यावर ‘झेडरॅमसीटीएल’ने पाहा: ‘डेटा’ म्हणजे आत गेलेला मजकूर, ‘टोटल’ म्हणजे त्याने प्रत्यक्षात अडवलेली रॅम. ७५ टक्के म्हटल्याने ३ जीबी आगाऊ अडत नाहीत. आत काही गेलं तरच जागा लागते.

सोबत /ईटीसी/सिसकटीएल.डी मध्ये ९९-झेडरॅम.कॉन्फ नावाची फाइल करून ‘व्हीएम.स्वॅपीनेस=१५०’ आणि ‘व्हीएम.पेज-क्लस्टर=०’ या दोन ओळी लिहा, आणि ‘सुडो सिसकटीएल --सिस्टिम’ चालवा. स्वॅपीनेस (कर्नलने स्वॅपकडे किती लवकर वळावं, तो आकडा) कमी ठेवा असं सर्वत्र वाचायला मिळतं, पण तो सल्ला डिस्कवरच्या स्वॅपचा. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो, तो अशाच झटपट स्वॅपसाठी. डिस्कवरचा जुना स्वॅप राहू द्या. झेडरॅमचा प्राधान्यक्रम १०० असल्याने तो आधी भरतो. शेवटी ‘अर्लीओओएम’ हे पॅकेजही टाका. मशीन गोठण्याआधी ते सगळ्यांत जड प्रोसेस बंद करतं. मुलांचं एक पान जाईल, तास वाया जाणार नाही.

प्रश्न : स्वॅपचं पार्टिशन मोठं करून पुन्हा फॉरमॅट केलं. तेव्हापासून डेबियन सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, आणि स्वॅपही शून्य दिसतो. (म्हापसा)

उत्तर : ‘एमकेस्वॅप’ दर वेळी नवा यूयूआयडी (स्वॅपची ओळख पटवणारा आकडा) देतं. तुमच्या मशीनमध्ये जुना दोन जागी लिहिलेला आहे आणि दोन्हीकडे त्याची वाट पाहिली जाते: इनिट्रॅमएफएसमध्ये (मशीन सुरू होताना आधी रॅममध्ये येणारी छोटी सिस्टिम) अर्धा मिनिट, मग एफएसटॅबमुळे सिस्टिमडीची दीड मिनिटं. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं म्हणत मोजत बसतो तो हाच.

‘सुडो बीएलकेआयडी’ करा. स्वॅपच्या ओळीत ‘यूयूआयडी’ आणि ‘पार्टयूयूआयडी’ असे दोन आकडे असतात, पहिला घ्यायचा. घाईत दुसरा कॉपी होतो आणि मग काहीच बदलत नाही. हा आकडा /ईटीसी/एफएसटॅबमध्ये घाला, ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने फाइल तपासा आणि ‘सुडो स्वॅपऑन -ए’ करून स्वॅप आला का पाहा. दुसरी जागा /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम. तिथेही तोच आकडा द्या; हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरत नसाल तर सरळ ‘रिझ्यूम=नन’ लिहा, डावीकडचा शब्द मोठ्या अक्षरांत. मग ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’. हे शेवटचं विसरलात तर अर्धा मिनिट तसाच राहील.

प्रश्न : डेबियन १३ वर आल्यापासून मोठा व्हिडिओ निर्यात करताना ‘नो स्पेस लेफ्ट’ येतं. डिस्कवर २०० जीबी मोकळी आहे. (ठाणे)

उत्तर : १३ पासून /टीएमपी रॅममध्ये असतं, रॅमच्या निम्म्या मर्यादेसह. तुमचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइली तिथेच लिहितो. त्याच्या सेटिंगमध्ये तात्पुरतं फोल्डर डिस्कवर द्या. तशी सोय नसेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ करून मशीन पुन्हा सुरू करा. /टीएमपी परत डिस्कवर जाईल.

प्रश्न : ८ जीबीच्या जोडीला १६ ची पट्टी घातली. आता प्रोग्रॅम अधूनमधून विनाकारण बंद पडतात, दर वेळी वेगळाच. (सोलापूर)

उत्तर : दर वेळी वेगळा प्रोग्रॅम पडतो म्हटल्यावर सेटिंगपेक्षा पट्टीवर संशय घ्या. मेमटेस्ट८६+ची ६ किंवा त्यापुढची आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या. यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर हीच चालते. सुरू झाली नाही तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. रात्रभर, निदान चार फेऱ्या चालू द्या. लाल रंगातली एक ओळ आली तरी पट्टी नापास. ‘एकच तर चूक आहे’ असं रॅमच्या बाबतीत चालत नाही.

चूक सापडल्यावर लगेच दुकान गाठू नका. बायॉसमध्ये एक्सएमपी (पट्टी जाहिरातीतल्या वेगाला चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून पुन्हा चाचणी घ्या. वेगवेगळ्या पट्ट्या जाहिरातीतल्या वेगाला एकत्र टिकत नाहीत, हळू चालवल्या तर पुष्कळदा नीट चालतात. तरीही चूक आली तर एकेक पट्टी एकाच खाचेत घालून तपासा, आणि मग चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या खाचेत. पट्टीबरोबर चूक फिरली तर पट्टी बदलून घ्या, खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्ड बघावा लागेल.